‘पुढे पाठवा’ म्हटलं होतं, मग माझं काय चुकलं?

स.न.वि.वि.

मी साताऱ्यात राहते. शाळेतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली. आमचा आठ-दहा जणींचा अभिवाचन गट आहे. लॉकडाऊनमध्ये फोनवरून एकमेकींना कथा वाचून दाखवायचो, त्यातून तो जमला. पुढे यूट्यूबवर चॅनेल काढलं. आत्तापर्यंत बारा कथा टाकल्या आहेत.

गेल्या दिवाळी अंकातली एक कथा मला फार आवडली. लेखकांनी ती स्वतःच पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडली होती, खाली ‘आवडली तर पुढे पाठवा’ असं लिहून. मी त्यांचा नंबर मिळवून विचारलं, ‘सर, आमच्या गटात ही कथा वाचू का?’ त्यांनी अंगठा पाठवला. मराठी भाषा गौरव दिनी नगरवाचनालयाच्या सभागृहात आम्ही ती वाचली. प्रवेश विनामूल्य होता. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एकीच्या मुलाने रेकॉर्डिंग केलं होतं. मी सरांना परत लिहिलं, ‘सर, रेकॉर्डिंग चॅनेलवर टाकतेय.’ दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर आलं नाही. चार दिवस वाट पाहिली आणि टाकलं. शेवटचा परिच्छेद लांबलेला वाटला म्हणून तेवढा गाळला, मागे बासरी घातली. त्यांचं नाव सुरुवातीला आणि शेवटी ठळक दिलं आहे.

38 हजार लोकांनी ऐकलं. आणि आता सरांचा फोन, ‘कोणाला विचारून केलंत? काढून टाका.’ मी म्हटलं, तुमचीच प्रसिद्धी झाली ना? त्यांनी फोन ठेवला. गटातल्या जणी म्हणतात, मौन म्हणजे संमती, आपण का काढायचं? चॅनेलचे जे पैसे येतात ते आमच्या चहापाण्यालाही पुरत नाहीत. एकीचा जावई म्हणतो, यात तुरुंगसुद्धा होतो. माझी झोप उडाली आहे. माझं नेमकं काय चुकलं? आणि बाकीच्या अकरा कथांचं काय करू?

– एक वाचनवेडी

प्रिय ताई,

हे वाचायला घेण्याआधी तो व्हिडिओ ‘प्रायव्हेट’ करून या. डिलीट करू नका. प्रायव्हेट केला की लोकांना दिसत नाही, पण 38 हजारांचा आकडा शाबूत राहतो आणि उद्या सरांनी होकार दिला तर परत सुरू करता येतो. काढावा की ठेवावा यावर त्यांच्याशी वाद घालण्याची ही वेळ नाही. ज्याची कथा आहे तो माणूस ‘काढा’ म्हणतोय, आजच्यापुरतं एवढं पुरे.

आता आधी तुमच्या बाजूने बोलते. सभागृहातल्या वाचनात तुमचं काहीही चुकलेलं नाही. उलट कायद्याला हवं होतं त्यापेक्षा तुम्ही जास्तच सौजन्याने वागलात. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 म्हणजे ‘हे केलं तर उल्लंघन धरायचं नाही’ अशा गोष्टींची लांबलचक यादी आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता साहित्यकृती सादर केली तर ते तिथे बसतं. प्रकाशित साहित्यातले बेताच्या लांबीचे उतारे जाहीरपणे वाचणं बसतं. शाळेत मुलांनी आणि शिक्षकांनी पालकांपुढे नाटक केलं तर तेही. लग्नाच्या वरातीचीसुद्धा सोय त्यात आहे. कायदा करणाऱ्यांनी आपल्या वराती पाहिलेल्या दिसतात. त्यामुळे 27 फेब्रुवारीला गावोगावच्या वाचनालयांत कुसुमाग्रजांच्या कविता म्हटल्या जातात तेव्हा कोणी चोरी करत नसतं, जरी त्या कवितांवरचा हक्क 2059 सालच्या अखेरपर्यंत जिवंत आहे. (ते 1999 साली गेले. लेखक गेल्याच्या पुढचं वर्ष उजाडलं की तिथून 60 वर्षं मोजायची.)

मग तेच वाचन यूट्यूबवर गेल्यावर काय बिघडलं? कायद्याने दिलेली ही सूट प्रयोगाला आहे, आणि फुकट येऊन समोर बसलेल्या प्रेक्षकांपुरती आहे. कथेचं ध्वनिमुद्रण करणं आणि ते वाटेल त्याला वाटेल तेव्हा ऐकता येईल असं ठेवणं हे कलम 14 नुसार लेखकाचे वेगळे हक्क आहेत. सभागृहात शंभर जणांनी ऐकलं किंवा दोनशे जणांनी, त्या संध्याकाळनंतर लेखकाकडे त्याची कथा होती तशीच उरली होती. आता तिची एक प्रत तुमच्या चॅनेलवर बसली आहे आणि तिची किल्ली तुमच्याकडे आहे.

नाटकवाल्यांना हे अंगवळणी पडलेलं असतं. छापील नाटकाच्या पहिल्या पानांत ‘प्रयोगापूर्वी लेखकाची लेखी परवानगी आवश्यक’ अशी ओळ सापडते. एकांकिका स्पर्धांच्या अर्जासोबत लेखकाचं परवानगीपत्र मागतात. गावातलं हौशी मंडळसुद्धा तिकीट लावणार असेल तर लेखकाला आधी मानधनाचं विचारतं. आकाशवाणी कार्यक्रमाला बोलावते तेव्हा करारपत्र धाडते. अभिवाचनाचं वेड मात्र मोबाइलबरोबर आलं. त्यात मधे कोणी निर्माता नाही, सभागृहाचा व्यवस्थापक नाही, परवानगीपत्र मागणारं कोणीच नाही. तुम्ही एकट्या नाही आहात, ताई. अशी शेकडो चॅनेलं आज मराठीत आहेत, आणि त्यातली बरीचशी तुमच्यासारख्याच भल्या बायका चालवतात.

आता त्या अंगठ्याकडे येऊ, कारण तुमची सगळी भिस्त त्याच्यावर आहे.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीने जवसाच्या खरेदीचा करार केला, त्याचा फोटो काढून शेतकऱ्याला पाठवला आणि कराराला दुजोरा द्यायला सांगितलं. शेतकऱ्याने अंगठा पाठवला. पुढे जवसाचे भाव चढले, माल आला नाही, प्रकरण कोर्टात गेलं. शेतकऱ्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे नुसतं ‘मिळालं’. 2023 मध्ये कोर्टाने अंगठा हा होकार धरला आणि त्याला 82 हजारांहून जास्त कॅनेडियन डॉलर भरायला लावले. ‘अंगठा म्हणजे सही’ असे मथळे तेव्हा आले होते. मथळ्यात जे मावलं नाही ते असं की, त्या दोघांत आधीही असेच करार झाले होते. दर वेळी शेतकऱ्याने ‘ओके’, ‘यप’ एवढंच लिहिलं होतं आणि माल बिनबोभाट पोचवला होता. न्यायाधीशांनी अंगठ्याचा अर्थ त्या जुन्या व्यवहारात पाहून लावला.

तुमचा आणि सरांचा जुना व्यवहार नाही. म्हणून अंगठा ज्या वाक्याखाली आला ते वाक्यच तेवढं हाताशी आहे: ‘आमच्या गटात ही कथा वाचू का?’ हे वाचताना त्यांच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? आठ-दहा जणी, कोणाचा तरी दिवाणखाना, मधे चहाचे कप. वाचनालयाचं सभागृह त्यात ओढूनताणून बसवता येईल. यूट्यूब येत नाही. न बोलता दिलेली परवानगी नावाचं काही नसतंच, असं मी म्हणत नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 9 शब्दांवाचून दिलेल्या वचनालाही वचन म्हणतं. पण अशा परवानगीची हद्द देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर देताना जेवढं होतं तेवढीच असते. फार तर, त्याच्या जागी कोणत्याही समंजस माणसाच्या डोळ्यांसमोर जेवढं आलं असतं तेवढी. त्यापुढे जायचं तर परत विचारायचं.

मी बरीच वर्षं दिवाळी अंकाच्या संपादनात काढली आहेत. पावसाळ्यात कवितांच्या पाकिटांचा ढीग लागायचा. त्यातला एकही कवी ‘ही कविता छापण्यास माझी परवानगी आहे’ असं लिहीत नसे. पाठवली म्हणजे छापायलाच पाठवली. आम्ही शुद्धलेखन सुधारायचो, चित्रकाराकडून शेजारी रेखाटन करून घ्यायचो, अंकाची जाहिरात करताना कवीचं नाव टाकायचो. यासाठी कधी कोणाला पत्र गेलं नाही आणि कोणी तक्रारही केली नाही. मात्र अंकांतल्या निवडक कवितांचं पुस्तक काढायचं ठरलं, तेव्हा प्रत्येकाला पत्र लिहून विचारलं. दोघांनी नाही म्हटलं. त्यातल्या एकाला ती कविता आता स्वतःची वाटत नव्हती. हे आम्हाला कुठल्या गृहीतकातून कळणार होतं? मासिकात छापून आलं की हक्क मासिकाचे होतात असा समज सर्रास आहे, तोही काढून टाका. बाहेरच्या लेखकाने तसं लेखी दिलं नसेल तर हक्क लेखकाकडेच राहतात. दिवाळी अंकाच्या संपादकांनी तुम्हाला हसून ‘वाचा, वाचा’ म्हटलं असतं तरी त्याचा उपयोग नव्हता.

आणि अशा गृहीत परवानगीबाबत आपला कायदा तसा कंजूष आहे. कलम 30 म्हणतं, परवाना लेखी द्यायचा. घाबरू नका, त्यासाठी मुद्रांक लागत नाही. 2012 च्या दुरुस्तीत सहीची अटही गेली, आणि 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने ईमेल-मेसेजला लेखी मानण्याची वाट करून दिली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हो, यूट्यूबवर टाका’ एवढं आलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

मौनाचं बघू. मैत्रिणी ‘मौनं संमतिलक्षणम्’ म्हणत असतील. हे वचन आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरलं गेलं ते बघायला आलेल्या मंडळींपुढून मान खाली घालून आत गेलेल्या मुलींबद्दल. त्यातून काय काय झालं हे निवृत्त शिक्षिकेला मी सांगायला नको. कायद्याने या वचनाला फारशी किंमत दिलेली नाही. 1862 सालचा इंग्लंडमधला एक खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. एका काकाने पुतण्याला लिहिलं: घोड्याबद्दल तुझं काही कळलं नाही, तर 30 पौंड 15 शिलिंगांना तो माझा झाला असं मी समजेन. पुतण्या गप्प राहिला. गंमत अशी की पुतण्याच्या मनातही घोडा काकालाच द्यायचा होता. तरी कोर्टाने विक्री झाली असं मानलं नाही. ‘उत्तर दे, नाहीतर तुझा होकार धरतो’ असं ओझं परस्पर दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवता येत नाही.

तुमचा दुसरा मेसेज तर प्रश्नही नव्हता. ‘टाकतेय’ ही बातमी झाली. निळ्या रेघांवरून मेसेज उघडला गेला एवढंच कळतं. तो बँकेच्या रांगेत उघडला, दवाखान्यात उघडला की नातवाने उघडला, ते कळत नाही. चार दिवस थांबलात हे चांगलं केलंत, पण त्या चार दिवसांत एक फोन करायचा राहिला. नंबर तुमच्याकडे होता. खरं सांगू? अशा वेळी फोन आपण टाळतो तो बहुतेकदा ‘नाही’ ऐकायला लागेल म्हणून. तुमच्या बाबतीत तसं होतं की नव्हतं ते तुम्हालाच माहीत.

‘आवडली तर पुढे पाठवा’ हे वाक्य सरांनी ढिलं लिहिलं, आणि त्याचा थोडा वाटा त्यांच्या पदरात घालायला माझी हरकत नाही. लेखक मंडळींनो, तुम्हीही वाचत असाल तर कृपा करून नेमकं लिहा: ‘नावासह, आहे तशी पुढे पाठवा. वाचन, रेकॉर्डिंग, भाषांतर करायचं तर आधी विचारा.’ दोन ओळींचं काम आहे. 2002 पासून ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ नावाचे तयार परवानेही जगभर वापरात आहेत. नाव द्या, धंदा करू नका, बदल करू नका, अशा अटी त्यात निवडून जोडता येतात. पण वाक्य ढिलं असलं तरी त्यातून काय निघतं ते पाहा. पीडीएफ पुढे पाठवली की समोरच्याकडे पोचते ती पूर्ण कथा, त्यांनी मांडली तशी, एकही ओळ इकडची तिकडे न होता. तुमच्या व्हिडिओतून पोचली ती तुमच्या आवाजातली, बासरी घातलेली आणि शेवट नसलेली. तिच्यावरच्या जाहिरातींचे पैसे, थोडे का असेनात, तुमच्या खात्यात आले. याला पुढे पाठवणं म्हणता येत नाही. आणि कथेवर कॉपीराइटची खूण नव्हती असा मुद्दा गटात कोणी काढलाच, तर सांगा की खुणेची गरज आपल्याकडे नाही. भारत 1928 पासून बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, आणि लिहिल्याबरोबर हक्क मिळतो हा त्या कराराचा पाया आहे. नोंदणीही लागत नाही.

‘तुमचीच प्रसिद्धी झाली ना’ हे मात्र सरांपुढे परत उच्चारू नका. फोन ठेवला त्यात मला आश्चर्य वाटत नाही. मराठी कथेला मासिकाकडून मिळणारं मानधन केवढं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या काही वर्षांत कथाकाराला चार पैसे मिळण्याची एक नवी जागा तयार झाली ती ऑडिओची. स्टोरीटेल हे ऑडिओ पुस्तकांचं अ‍ॅप 2017 मध्ये भारतात आलं तेव्हा सुरुवातीच्या भाषांत मराठी होती, आणि तेव्हापासून ‘ऑडिओचे हक्क’ हे शब्द मराठी लेखकांच्या बोलण्यात आले. यूट्यूबवर फुकट ऐकायला मिळणाऱ्या कथेचे हक्क विकत घ्यायला कोण येईल? किंवा असंही असेल की सरांनी ते आधीच कोणाला लिहून दिले आहेत आणि तुमच्या व्हिडिओमुळे ते तिकडे तोंडघशी पडले. हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. विचारायचं असतं ते याचसाठी.

पण माझा अंदाज विचाराल, तर त्यांना खरं लागलं असेल ते शेवटच्या परिच्छेदाचं.

कथाकार शेवटच्या परिच्छेदासाठी किती झगडतो हे तुम्ही इतक्या कथा वाचल्यात म्हणजे तुम्हाला जाणवत असणार. तुम्हाला तो लांबलेला वाटला. वाटू शकतो. मलाही अनेक कथांचे शेवट लांबलेले वाटतात, आणि समीक्षा लिहिताना मी तसं म्हणते. परीक्षणासाठी उतारे घेऊन ‘हा शेवट फसला’ म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही, कलम 52 तेही मोकळं ठेवतं. पण शेवट कापून त्यावर लेखकाचं नाव ठळक लावायचं म्हणजे 38 हजार लोकांना सांगायचं की यांनी कथा इथेच संपवली. कॉपीराइट कायद्याचं कलम 57 यासाठीच आहे. लेखक म्हणून नाव लागण्याचा, आणि आपल्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड अडवण्याचा हक्क लेखकाकडे राहतो. बाकीचे सगळे हक्क विकून टाकले तरी राहतो. हिंदी कथाकार मन्नू भंडारी यांनी आपल्या कादंबरीचे चित्रपट-हक्क रीतसर दिले होते, तरी चित्रपटातल्या बदलांना हरकत घेण्याचा त्यांचा हक्क दिल्ली उच्च न्यायालयाने 1986 मध्ये मान्य केला. हक्क विकूनही हा हक्क उरत असेल, तर एका अंगठ्याने तो कसा जाईल?

एक बाजू मला कळते. ऐकलेलं गायचं, आवडलेलं दहा जणांना सांगायचं ही आपली रीतच आहे. कीर्तनकार तुकोबांचा अभंग घ्यायला कोणाचा दाखला मागत नाही, आणि मागू नये. पण त्या मोकळ्या रीतीतही नाममुद्रा शेवटच्या चरणातच गुंफलेली असते. गाणाऱ्याला शेवटापर्यंत जावंच लागतं. आणि परंपरा ज्या सालोमालोला अजून नावं ठेवते त्याचा गुन्हा काय, तर तुकोबांच्या अभंगातलं नाव काढून स्वतःचं घातलं. तुम्ही नाव चोख दिलंत आणि त्या एका बाबतीत तुमची बाजू स्वच्छ आहे. मात्र नाव दिल्याने परवानगी मिळत नाही. दोन्ही वेगवेगळं द्यावं-घ्यावं लागतं.

तुरुंगाचं थोडक्यात. जावईबापूंनी कलम 63 वाचलेलं असणार. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड असं त्यात आहे. पण व्यापारी लाभासाठी केलेलं नसेल तर कोर्टाला शिक्षा कमी करता येते. विनामूल्य वाचन करणाऱ्या, सांगितल्याबरोबर व्हिडिओ बंद करणाऱ्या बाईवर कोणी तिथपर्यंत जाईल असं मला वाटत नाही. मी वकील नाही. नोटीस आलीच तर ती घेऊन वकिलाकडे जा, जावयाकडे नको. आणि हेही लक्षात घ्या की सरांना यूट्यूबकडे तक्रार करून व्हिडिओ परस्पर उतरवता आला असता. 90 दिवसांत असे तीन स्ट्राइक बसले की अख्खं चॅनेल बंद होऊ शकतं. त्याऐवजी त्यांनी तुम्हाला फोन केला.

आता पुढचं. सरांना आजच मेसेज करा, उद्या सकाळी फोन. मेसेजमध्ये ‘गैरसमज झाला असल्यास क्षमस्व’ असलं काही लिहू नका, त्यात माफी कमी आणि वकिली जास्त असते. साधं लिहा, असं काहीतरी: ‘सर, व्हिडिओ आज बंद केला आहे. रेकॉर्डिंग चॅनेलवर टाकण्याआधी तुमचा स्पष्ट होकार घ्यायला हवा होता, आणि शेवटचा परिच्छेद गाळायला नको होता. दोन्हीबद्दल माफी मागते. या व्हिडिओचे जेवढे पैसे आले असतील तेवढे तुम्हाला पाठवते. तुमची इच्छा असेल तर पूर्ण कथा नव्याने वाचून आधी तुम्हाला ऐकवेन, आणि तुम्ही हो म्हटलंत तरच टाकेन. नाही म्हटलंत तर रेकॉर्डिंग कायमचं काढून टाकते.’ यापेक्षा जास्त नको. 38 हजारांचा उल्लेख तर नकोच, त्यांना तो आकडा दिसलेला आहे.

ते नाही म्हणाले तर खरंच काढून टाका, पेनड्राइव्हवर ठेवलेली प्रतसुद्धा गटात फिरवू नका. मानधन मागितलं तर घासाघीस करण्याआधी गटाची वर्गणी किती जमते ते पाहा. हौशी आहोत म्हणून फुकट हवं, ही अपेक्षा लेखकानेच का पुरी करायची? वाचनालयाच्या सभागृहाचं भाडं, माइकवाल्याचे पैसे तुम्ही दिलेच असतील.

नवीन रेकॉर्डिंग करायची वेळ आली तर एक गोष्ट तुमच्या घरातलीच आहे. त्या दिवशी तुमच्यासोबत वाचणाऱ्या बाकीच्या जणींना यूट्यूबबद्दल विचारलं होतं का? कायदा सादर करणाऱ्यालाही हक्क देतो (कलम 38), तेव्हा त्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग टाकायला त्यांचंही ‘हो’ लागतं. सभागृहात वाचायला तयार झालेली प्रत्येक जण कॅमेऱ्यापुढे तयार असते असं नाही. आणि बासरी कोणाची, कुठून घेतली, हेही एकदा तपासा.

बाकीच्या अकरा कथांसाठी एक दुपार काढा आणि प्रत्येक लेखक कधी गेला ते शोधा. 60 वर्षांचा हिशोब पुरा झालेल्यांच्या कथा मोकळ्या आहेत, कोणालाही विचारू नका, खुशाल ठेवा. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यांनी हयातीत छापलेलं सगळं 2011 पासून मोकळं झालं. दोन खाचखळगे मात्र आहेत. लेखक गेल्यानंतर पहिल्यांदा छापल्या गेलेल्या साहित्याची 60 वर्षं प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई 1951 साली गेल्या, गाणी पुस्तकरूपाने आली 1952 मध्ये, त्यामुळे पहिल्यांदा त्या पुस्तकातच छापल्या गेलेल्या गाण्यांची मुदत एक वर्ष पुढे सरकली. आणि दुसरं, भाषांतरं. चेखव 1904 मध्ये गेला म्हणून त्याची मराठीतली कथा मोकळी होत नाही, मराठी भाषांतरकाराचा हिशोब वेगळा चालतो. तुमच्या यादीत रशियन कथा असणारच, प्रत्येक अभिवाचन गटात असते.

हयात लेखकांच्या आणि मुदत न संपलेल्यांच्या कथा परवानगी येईपर्यंत प्रायव्हेट करा. दिवंगत लेखकांसाठी प्रकाशकाला फोन केला तर वारसांचा पत्ता मिळतो, आणि घरच्यांना बहुतेकदा आनंदच होतो. वारस सापडलेच नाहीत तर कायद्यात त्याचीही वाट आहे, पण ती लांबची आणि कोर्टकचेरीची आहे. हौशी चॅनेलने तिच्या नादी लागू नये, ती कथा सोडून द्यावी आणि सभागृहात वाचावी. सगळ्यांना मिळून एकच मेसेज पाठवू नका. प्रत्येकाला वेगळा लिहा: कोणती कथा, कोण वाचणार, किती मिनिटं, कुठे टाकणार, पैसे येतात की नाही, काही गाळणार आहात का. वयाने मोठे लेखक असतील तर आधी फोन करा, आणि बोलण्यात होकार मिळाला की त्याच संध्याकाळी ‘आज बोलल्याप्रमाणे’ म्हणून हे सगळं लिहून पाठवा. त्यावर त्यांचं उत्तर शब्दांत येईपर्यंत काहीही अपलोड करू नका.